एका जिल्ह्यातले दोन उन्हाळे

शिंगणापूरचं दर्शन आणि कळसूबाईचा डोंगर : मे महिन्याचा बेत आखण्यापूर्वी

वैशाख अमावस्या जवळ आली, की पुष्कळ घरांतून एक बोलणं हटकून ऐकू येतं. ‘शनिजयंतीला शिंगणापूरला जायचंच आहे, मुलांनाही सुट्टी आहे, तर तसेच पुढं भंडारदऱ्याला जाऊ. दोन दिवस थंड हवेत राहून येऊ.’ बोलणारे बोलून मोकळे होतात आणि बेत आखायचं काम आपल्या पदरात पडतं. डबा कोणता न्यायचा, कपडे किती घ्यायचे, सासूबाईंना चढ झेपेल का, धाकट्याला ऊन लागलं तर काय करायचं, हे सगळं पाहायचं कुणी? अर्थात आपणच!

तेव्हा मैत्रिणींनो, या बेताविषयीच आज थोडं बोलू. शनिशिंगणापूर आणि कळसूबाईचा डोंगर ही दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यातली; पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली. मधे सुमारे दीडशे किलोमीटरांचा रस्ता. पण उन्हाळा मात्र दोन्हीकडचा अगदी निराळा. शिंगणापूरचा उन्हाळा सरळ स्वभावाचा आहे. सकाळपासून तापतो आणि सगळ्यांना दिसतो. डोंगरातला उन्हाळा दिवसातून चार वेळा रंग बदलतो. ‘थंड हवा’ एवढे दोनच शब्द डोक्यात धरून जो तिकडे जातो, त्याची फजिती होते. कधीकधी फजितीवर भागत नाही, जिवावरही बेततं.

डोक्यावर छप्पर नसलेला देव

आधी शिंगणापूर. नेवासे तालुक्यातलं हे गाव घरांना दारं-कुलपं न लावण्याच्या रीतीमुळं देशभर माहीत झालं. इथल्या देवालाही छप्पर नाही. साडेपाच फुटांची ती काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊन, वारा, पाऊस झेलत उभी आहे. या चौथऱ्यावर जायला स्त्रियांना बंदी होती, ती २०१६ साली गुढीपाडव्याच्या दिवशी उठली, हे तुम्हाला आठवत असेलच.

वैशाखात या पठारावर पारा चाळिशी गाठतो. हवा कोरडी असते. अशा हवेत घाम येता येताच वाळून जातो, अंगावर दिसत नाही. ‘मला कुठं घाम आलाय!’ असं म्हणून आपण पाण्याची बाटली बाजूला ठेवतो. शिवाय दुसरंही एक कारण असतं, ते आपण कुणाला सांगत नाही. पुढं रस्त्यात सोय असेल की नाही, या धास्तीनं आपण बायका प्रवासात पाणीच कमी पितो. मग दुपारी डोकं धरतं, मळमळतं, पायात गोळे येतात, आणि आपण म्हणतो ‘पित्त झालं’. पुष्कळदा ते पित्त नसतं, अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालेलं असतं.

म्हणून दर्शन पहाटेच उरकून घ्या. अनवाणी पायांना दुपारची फरशी सोसत नाही. शनिवारचा उपास असेल तर तो कोरडा करू नका. ताक, लिंबाचं सरबत, शहाळ्याचं पाणी उपासाला चालतं, ते तासातासानं घोट-घोट घेत राहा. उन्हं चढायच्या आत राहुरीच्या रस्त्याला लागलात, तर लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असं करत दुपारच्या जेवणापर्यंत भंडारदऱ्याला पोचाल. गाडीत मात्र मुलांना बंद काचांत ठेवून कुठंही, पाच मिनिटांसाठीसुद्धा, उतरू नका.

डोंगर थंड, पण किती?

आता जरा हिशेब करू. आपल्याला हिशेब काही नवा नाही!

उंचीवर गेलं की हवा थंड होते, हे खरं. साधारणपणे दर १००० मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. शिंगणापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आहे. भंडारदरा सुमारे ७५० मीटरवर. म्हणजे आपण चढतो किती? अडीचशे मीटर. आणि उंचीमुळं हवा उतरते किती? अवघी दीड अंश! तेव्हा भरदुपारी गाडीतून उतरल्या उतरल्या ‘कुठं आहे तुमची थंड हवा?’ असं मुलांनी विचारलं, तर त्यांचं काही चुकलं नाही.

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे कळसूबाई, १६४६ मीटर. तिथं मात्र शिंगणापूरपेक्षा सात-साडेसात अंशांचा फरक पडतो. पण त्या माथ्यावर झाडाची सावली नाही. वारा गार लागतो आणि ऊन भाजत राहतं. वाऱ्यामुळं भाजणं कळत नाही, ते रात्री आरशासमोर कळतं.

मग या डोंगराला थंड का म्हणायचं? त्याचं उत्तर रात्री मिळतं. सूर्य मावळला, की उघडे कडे आणि माळ आपली उष्णता झपाट्यानं आकाशाला देऊन टाकतात. उंचावरची गार झालेली हवा जड होते आणि ओघळल्यासारखी हळूहळू दरीत उतरते. जिथं झाडी आहे, तिथं पानांतून निघणारा ओलावा हवा आणखी निववतो. म्हणून दुपारी पंख्याखालीही तगमग होत होती, त्याच खोलीत पहाटे मुलं चादर ओढून घेतात. थोडक्यात, इथला गारवा उंचीपेक्षा वेळेवर अवलंबून आहे. तो ठरावीक वेळी येतो आणि ठरावीक वेळी जातो.

राष्ट्रीय उद्यान की अभयारण्य?

या जंगलाला पुष्कळजण सर्रास ‘नॅशनल पार्क’ म्हणतात. तसं ते नाही. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं. सह्याद्रीच्या ऐन घाटमाथ्यावरचं राष्ट्रीय उद्यान म्हणजे दक्षिणेकडचं चांदोली, ते २००४ साली जाहीर झालं.

नावातला हा फरक आपल्या कामाचा आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायलाही कायद्यानं मनाई असते. अभयारण्यात काही हक्क राखून माणसं राहू शकतात. इथं रतनवाडी, घाटघर, साम्रद अशी गावं आहेत. महादेव कोळी, ठाकर यांची घरं आहेत. डांगी गुरं चरत असतात. तेव्हा आपण जंगल पाहायला जातो, तसेच कुणाच्या तरी अंगणातूनही जातो. या गोष्टीकडे पुढं पुन्हा येऊ.

डोंगराचं घड्याळ

उन्हाळ्यातला डोंगर घड्याळाप्रमाणं चालतो. ते घड्याळ एकदा कळलं, की बेत आपोआप जमतो.

पहाटे चारपासून सकाळी आठपर्यंतचा वेळ सोन्यासारखा. हवा निवांत आणि गार, अंगावर पातळ शाल हवीशी वाटते. रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर याच वेळी पाहावं. जंगलात फिरायचं तेही याच वेळी. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू, म्हणजे ती तांबूस, झुपकेदार शेपटीची मोठी खार, हरिश्चंद्रगडाकडच्या दाट झाडीत दिसली तर दिसते. करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या असतात. मेअखेरीस जांभळं पिकू लागतात.

नऊ वाजले, की काळा कातळ तापू लागतो. लोखंडी तवा जसा उशिरा तापतो आणि मग उशिरापर्यंत तापलेलाच राहतो, तसा हा दगड. अकरा ते चार या वेळात कुठंही चढू नका. दरीत तर वाराही पडतो, आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांची धग अंगावर येते. हा वेळ जेवणाचा, विश्रांतीचा, मुलांच्या पत्त्यांच्या डावाचा.

दुपारी तीननंतर आकाशाकडे लक्ष असू द्या. मंद आचेवर दूध ठेवलं की ते खालून तापून वर येतं, आणि आपलं लक्ष नाही असं पाहून उतू जातं. मे महिन्यात डोंगरावर हेच घडत असतं. तापलेली हवा वर चढते. त्यातच कोकणातून, समुद्राकडून दमट वारा येतो. त्याच्यापुढं सह्याद्रीचे उभे कडे, वळायला जागा नाही, म्हणून तोही वर चढतो. वर गेला की गार होतो आणि त्यातल्या वाफेचे ढग बनतात. हे ढग आधी पांढरे, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगीर दिसतात. मग त्यांचे तळ काळवंडतात. एकाएकी गार वाऱ्याचा झोत येतो, धूळ उडते, पाचोळा गरगर फिरतो, आणि वळवाचा पाऊस कोसळतो, कधी गारांसकट. अर्ध्या तासात हवेत असा फरक पडतो, की मघाशी घामाघूम झालेली मुलं कुडकुडू लागतात.

आणि संध्याकाळ? वळीव पडून गेला असेल तर त्यासारखी संध्याकाळ नाही. धूळ बसलेली असते, रतनगडाचं नेढं स्वच्छ दिसतं, मातीचा वास येत असतो.

हे झालं दिवसाचं. महिन्याचंही असंच आहे. एप्रिलमध्ये हवा कोरडी, झाडं अर्धी बोडकी. याच दिवसांत वणव्याची भीती सर्वांत जास्त. मेच्या मध्याला उकाडा आणि वळीव यांची पाळी चालते. साधारण २५ मेला रोहिणी नक्षत्र लागतं, तोवर पश्चिमेचा वारा ओलसर झालेला असतो आणि शिखरांवर ढग अडकू लागतात. ७-८ जूनला मृग. पण नक्षत्रावर सगळाच भार टाकू नका. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला होता. निघायच्या आदल्या दिवशी हवामानखात्याचा अंदाज पाहायलाच हवा. पिवळा इशारा असेल तर सावध राहा, नारिंगी असेल तर चढाईचा बेत रद्द करा, आणि लाल असेल तर घरीच राहा.

विजेशी खेळ नको

वळवाच्या पावसात भिजायला मुलांना फार आवडतं. आपल्यालाही आवडतं, खोटं कशाला बोला! पण वळीव एकटा येत नाही, विजेला घेऊन येतो. मोसमी पावसाच्या झडीपेक्षा या आधीच्या पावसात विजांचा कडकडाट अधिक असतो. उघड्या माथ्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो, हे विसरू नका.

अंतर मोजायची एक सोपी युक्ती मुलांना शिकवून ठेवा. वीज चमकली की आकडे मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आलेल्या आकड्याला तीननं भागलं, की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. तीस मोजायच्या आत गडगडलं, तर ताबडतोब आसऱ्याला जायचं. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

आसरा म्हणजे पक्कं घर किंवा काचा लावलेली मोटार. एकटं झाड, तंबू, डोंगरातल्या कपारीचं तोंड, पत्र्याची उघडी शेड हे आसरे नव्हेत. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत, ढग गडगडू लागले की त्यांना हात लावू नये. काहीच आसरा नसेल, तर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं, डोकं गुडघ्यांत, हात कानांवर. आणि एकमेकांना बिलगून नाही, अंतर ठेवून. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे. आसपास वीज पडायची शक्यता असेल तर ते सांगतं. घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर ते घालून घ्या.

साम्रदजवळची सांदण दरी हल्ली फार नावाजली आहे. दोन उंच कड्यांमधली ती अरुंद चीर आहे. आत गेलं की आकाशाची फक्त एक पट्टी दिसते, ढग कुठं जमतायत ते कळत नाही. वर पाऊस झाला तर पाणी तिथूनच वाट काढतं. म्हणून तिथं सकाळीच जावं, आणि आकाश निरभ्र असेल तरच.

भांडी न घासणारी कळसूबाई

कळसूबाईच्या नावाची एक जुनी गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. कळसू ही रानात हिंडायची आवड असलेली कोळ्याची मुलगी. डोंगराच्या पायथ्याला एका कुटुंबात ती कामाला राहिली, पण एका अटीवर. भांडी घासणार नाही, आणि केर काढणार नाही! काही दिवस ठीक चाललं. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलंच. तिनं ते काम मुकाट्यानं केलं, आणि तशीच उठून डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. तिचं देऊळ आज माथ्यावर आहे.

ही गोष्ट वाचून तुमच्या मनात काय आलं, ते मी विचारत नाही! पण वर जायचं असेल तर तिच्यासारखं तडकाफडकी निघू नका. बारी गावातून वर पोचायला रमतगमत तीन तास लागतात. पहाटे पाचला चढायला लागलात, तर आठच्या सुमाराला माथ्यावर आणि अकराच्या आत खाली. उजाडेपर्यंत हातात बॅटरी हवी, वाटेची माहिती असलेला गावातला माणूस बरोबर असला तर उत्तम. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या. वरच्या पाण्यावर मे महिन्यात विसंबू नका. गुडघे दुखणाऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या, किंवा ज्यांना दिवस गेले आहेत अशा मैत्रिणींनी पायथ्याशी थांबलं तरी काही बिघडत नाही. देवी खालूनही नमस्कार घेते.

काळोखातली दिवाळी

आता ज्याच्यासाठी हल्ली मेअखेरीस मुंबई-पुण्याहून गाड्यांच्या रांगा लागतात, त्या काजव्यांविषयी. हवेत ओलावा आला, एखाददुसरा वळीव पडला, की घाटघर-रतनवाडीच्या रस्त्याला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एकदम लुकलुकू लागतात. मोसमी पाऊस नेमानं कोसळू लागला, की हा सोहळा संपतो. म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा यांच्या उंबरठ्यावरचे हे दोन-तीन आठवडे.

अमावस्येचा काळोख याला फार चांगला. शनिजयंती मेच्या शेवटी किंवा जूनच्या आरंभी आली, तर दर्शन आणि काजवे हा योग साधतो. मेच्या मध्याला आली, तर काजवे थोडेच दिसतील, तशी मुलांची समजूत आधीच घालून ठेवा.

काजवा का चमकतो? लग्नासाठी! नर उजेड करून मादीला हाक घालतो, आणि मादी, ती पुष्कळदा खाली गवतात किंवा झुडपात असते, उजेडानंच उत्तर देते. पंख फुटल्यावर त्यांचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. त्यात हे जमलं, तर ओल्या मातीत अंडी पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या गोगलगायींवर जगतात आणि पुढच्या उन्हाळ्याला पुन्हा झाडं उजळतात. आपण मोटारीचे दिवे टाकले, मोबाइलची बॅटरी फिरवली, फोटोसाठी फ्लॅश मारला, की त्यांना एकमेकांची हाक दिसेनाशी होते. झाडाखाली गवत तुडवत गेलो, तर पायाखाली कोण गेलं ते कळतही नाही. लांबून पाहिलेल्या झाडावर काजवे जास्तच दिसतात, हे मुलांना पटवून द्या. एखादा काजवा काचेच्या बाटलीत भरून घरी न्यायचा हट्ट होईल, तो मात्र पुरवू नका. वनखातं दर वर्षी या दिवसांसाठी प्रवेशाच्या वेळा आणि नियम जाहीर करतं, ते आधी विचारून घ्या आणि पाळा.

त्या दोन हंड्यांचा हिशेब

आता मघाशी सोडलेली अंगणाची गोष्ट. प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. मुळा नदी रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या रांगेतून निघते. या दोन्ही नद्या पुढं खाली आपल्याकडे येतात. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. ज्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं आपण मानतो, ते नेवासे याच प्रवरेकाठी आहे, आणि तिथून जवळच टोक्याला ती गोदावरीला मिळते. मुळेच्या उजव्या कालव्याचं पाणी राहुरी-नेवाशाच्या शेतांना मिळतं. म्हणजे शिंगणापूरच्या वाटेवर आपण जो हिरवा ऊस पाहतो, त्याचं मूळ या डोंगरात आहे.

घाटघरच्या बाजूला पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. नेवासे-राहुरीकडे वर्षाकाठी कसाबसा पाचशे. असं असूनही मे महिन्यात वरच्या कित्येक वाड्यांतल्या बायका डोक्यावर दोन हंडे घेऊन लांबून पाणी आणत असतात. कातळ पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून ते वाहून जातं. धरणाचं पाणी डोळ्यांसमोर असतं, पण ते खाली दरीत, आणि वाटही खालच्या गावांची धरणारं.

म्हणून या दिवसांत तिथं घरगुती मुक्काम केलात, तर बादलीभर पाण्यात अंघोळ उरका, मुलांचे कपडे घरी येऊन धुवा. पैसे दिले म्हणजे पाणी वाटेल तसं वापरायला मोकळे झालो, असं नाही. तुमच्या बादलीतलं पाणी कुणाच्या तरी मानेवरून आलेलं असू शकतं. त्याच बाईला याच दिवसांत भाताच्या राबाचं आणि बियाण्याचंही पाहायचं असतं. बियाणं जपणं हे इथं बायकांचंच काम. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. करवंदं, जांभळं, गावरान तांदूळ विकायला बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि करवंदीची जाळी आपण होऊन ओरबाडू नका, ती तिची कमाई आहे.

पिशवीत काय भराल?

• प्रत्येकाला पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी किंवा सुती ओढणी. पहाटेसाठी शाल किंवा पातळ स्वेटर, आणि वळवासाठी रेनकोट. छत्री वाऱ्यात उलटते.

• दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, भाजलेले फुटाणे. दहीभात आणि खोबऱ्याची ओली चटणी या उष्म्यात चार तासांत आंबते, ती नको.

• कैरी उकडून तिचा गर गूळ-वेलदोडा घालून आटवून न्या. पाण्यात कालवला की पन्हं तयार.

• साखर-मिठाच्या पुड्या घरीच बांधून ठेवा. एका पुडीत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला एक पुडी. माप चुकवू नका, मीठ जास्त झालं तर लहान मुलांना बाधतं.

• ऊन लागलेल्याला सावलीत निजवून, अंग ओल्या कापडानं पुसून वारा घाला. अंग तापून कातडी कोरडी पडली, बोलण्यात भ्रम झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

• कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. जे आणलं ते परत न्यायचं. वाळक्या गवतात स्टोव्ह पेटवायचा नाही, आणि आपल्या मंडळींपैकी कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर थोटकावर तुमची नजर हवीच.

ज्या गावात दाराला कुलूप लावत नाहीत, तिथं उंबऱ्याच्या आतल्या वस्तूला हात लावायचं कुणाच्या मनात येत नाही. तिथून निघून आपण डोंगरावर जातो, तर तिथंही दार नाही की कुलूप नाही. शिंगणापूरला जे वागणं आपल्याला आपसूक सुचतं, तेच दोन दिवस पुढं चालू ठेवायचं आहे, एवढंच.

तेव्हा कॅलेंडर काढा, अमावस्या कोणत्या तारखेला आहे ते पाहा, आणि घरात बेताचं बोलणं निघालं की ‘पहाटे निघायचं आणि अकराला सावलीत यायचं’ ही अट आधी घाला. कुरकूर होईल, पण संध्याकाळी वळीव पडून गेल्यावर हीच मंडळी तुमच्या हातच्या पन्ह्याचा पेला पुढं करतील.